‘परंपरेचं कौतुक पुरे’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ठाण्याच्या फ्लॅटात बसून मला मेंढपाळांची भटकंती गोड वाटते, तिकडे पोरांच्या शाळा बुडतात, आणि असली परंपरा मोडलेलीच बरी. फ्लॅटचं खरं आहे, चौथ्या मजल्यावर.

पण मागच्या लेखात मी लिहिलं ते धनगर कुटुंब परंपरा जपायला म्हणून मुरबाडात उतरत नाही हो. पारनेरकडे पाऊस वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर, दिवाळीनंतर माळावर चरायला काही उरत नाही. खाली कोकणात 2,500च्या वर पडतो, त्यामुळे भात कापून झालं तरी बांधाला हिरवं असतं. मग माळशेज घाट उतरायचा आणि पावसाळ्याच्या आत परत वर चढायचं, कारण त्या चिखलात दख्खनी मेंढीचे खूर कुजतात. आजा हेच करत होता, नातूही करतोय.

संध्याकाळी बाया मोकळ्या वावरात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावतात, मेंढरं रात्रभर आत बसतात, लेंड्या-मूत तिथेच जिरतं, शेताला खत होतं. त्या बदल्यात शेतकरी भात देतो, हल्ली पैसेही. सकाळी बिऱ्हाड घोडीवर. रात्री जन्मलेलं कोकरू तिच्या पाठीवर, कोंबड्यांच्या शेजारी, फक्त डोकं बाहेर. हे गोड वाटतं, नाकारत नाही.

शाळेवरून मात्र मी भांडणार नाही. स्थलांतरितांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, जाल त्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून. पण वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, दोन-तीन रात्रींत हलतो, पोरगं बाकावर रुळणार कधी? या घराने थोरली दोघं गावी आजीपाशी ठेवलीत. तेव्हा धंदा मोडा म्हणण्याआधी तालुक्याला वसतिगृह मागू या की.

आणि मोडायचं म्हणाल तर मोडतोच आहे, शाळेमुळे नव्हे. काल जिथे मेंढरं बसली तिथे आज फार्महाऊसचं कंपाउंड. लोकर भरड, घोंगडीलाच चालणारी. विणणारे सनगर कमी झाले, कातरणीची मजुरीही सुटत नाही. महामेष योजनेत सरकार 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि 1 नर देतं. चांगलंच आहे. पण त्या चारायच्या कुठे, हे त्या अर्जात नाही.

थंडीत मुरबाडातल्या टोकावड्याच्या बाजूला या एकदा. मला नका विचारू, वाघर लावून घेणाऱ्या शेतकऱ्यालाच विचारा, युरियाची गोणी परवडते की एक रात्र मेंढरं.