टेसा ग्रे आणि ‘वॉरलॉकला मूल होत नाही’ हा नियम

‘क्लॉकवर्क एंजल’ या कादंबरीतली सोळा वर्षांची टेसा ग्रे राक्षसाची मुलगी, म्हणजे तिला मूल होणं अशक्य, असं सध्या ठासून सांगितलं जातंय. ते चूक आहे. (पुढे रहस्यभेद आहे.)

लेखिका कॅसांड्रा क्लेअरच्या या काल्पनिक विश्वात राक्षस आणि माणूस यांची संतती म्हणजे वॉरलॉक. त्यांना मूल होत नाही, हा नियम खराच. पण टेसाची आई साधी माणूस नाही, शॅडोहंटर, म्हणजे देवदूताचं रक्त असलेल्या राक्षस-शिकाऱ्यांच्या कुळातली आहे. एरवी अशा जोडीचं बाळ मृतच जन्मतं. टेसा वाचली, कारण आईच्या अंगावर कधीच रून (शॅडोहंटरांना शक्ती देणाऱ्या खुणा) उमटवले गेले नव्हते. आई शॅडोहंटर कुळातली म्हणूनच टेसाच्या अंगावर वॉरलॉकची खूण (शिंगं किंवा शेपटीसारखं जन्मजात वेगळेपण) नाही, आणि पुढे तिला जेम्स आणि लूसी ही मुलं होतात. अमरत्व मात्र बापाकडूनच आलेलं.