बेटावर मदत कशी पाठवावी

समजा, उद्या तुमच्या वाट्याला असं खातं आलं की ज्याच्या अखत्यारीत एक बेट आहे. आणि समजा, त्याच आठवड्यात त्या बेटावरून चक्रीवादळ गेलं. घाबरू नका. अशा प्रसंगातून अंगाला ओल न लागू देता कसं निसटावं, याचा संपूर्ण अभ्यासक्रम वॉशिंग्टनच्या जाणकारांनी पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर घालून दिला आहे. 20 सप्टेंबर 2017 ला ‘मारिया’ चक्रीवादळ तिथे याबुकोआजवळ किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 250 किलोमीटरच्या आसपास. अख्ख्या बेटाची वीज गेली, मोबाइलच्या शंभर मनोऱ्यांपैकी पंच्याण्णव बंद पडले, आणि तेहतीस लाखांहून जास्त माणसं अंधारात बसली. मन लावून शिकणाऱ्याला याहून काय हवं?

पहिलं काम म्हणजे बेट समुद्रात आहे, ही गोष्ट जगाला सांगून टाकणे. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 29 सप्टेंबरला ती सांगितली: हे बेट आहे, त्याच्या भोवती पाणी आहे, मोठं पाणी आहे, महासागराचं पाणी आहे. एवढं एकदा बोलून ठेवलं की पुढचा निम्मा उशीर पाण्याच्या खात्यावर टाकता येतो. हे बेट 1898 पासून अमेरिकेकडे आहे आणि तेव्हापासून ते समुद्रातच आहे, असं एखादा खवचट पत्रकार म्हणेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याला बसायला मागची खुर्ची द्या.

बेट निवडायची मुभा असेल तर तीही नीट वापरा. पोर्तो रिकोची माणसं 1917 पासून अमेरिकेची नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. प्रतिनिधिगृहात त्यांचा एक माणूस असतो, त्याला बोलता येतं. विधेयकावर शेवटचं मतदान सुरू झालं की मात्र त्याने हात खाली ठेवायचा. वादळानंतर झालेल्या एका पाहणीत, हे लोक आपलेच नागरिक आहेत हे जेमतेम 54 टक्के अमेरिकनांना माहीत असल्याचं दिसलं. म्हणजे उरलेल्यांच्या लेखी तुम्ही परदेशाला मदत करताय. उशीर झाला तरी उदार ठरण्याची ही संधी सोडू नये.

आता जहाजं. इथे थोडं थांबू, कारण कायद्याची खरी गोडी इथेच आहे. 1920 चा जोन्स कायदा म्हणतो की अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं, अमेरिकी झेंड्याचं आणि बहुतांशी अमेरिकी खलाशांचं हवं. दुसऱ्या देशाचं जहाज जवळच रिकामं उभं असलं तरी त्याने फ्लोरिडातून पाणी उचलून बेटाच्या राजधानीत, सान हुआनला, उतरवायचं नाही. ही अट संकटात शिथिल करता येते. त्याच महिन्यात आधीच्या दोन वादळांनंतर टेक्सास आणि फ्लोरिडाकडच्या इंधनासाठी ती केलीही होती. पण पोर्तो रिकोच्या वेळी राष्ट्राध्यक्षांनी एक प्रामाणिक अडचण मांडली: जहाजवाल्यांना ते नको आहे. नंतर बरीच ओरड झाली आणि 28 सप्टेंबरला सवलत दिली गेली. दहा दिवसांची. दहा दिवसांनी ती संपली आणि परत दिली गेली नाही, कारण बहुधा तोवर बेट किनाऱ्याला लागलं असावं.

आणि हे एकदाच जमलेलं नाही, याला परंपरा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये ‘फिओना’ वादळाने पुन्हा सगळ्या बेटाची वीज घालवली. टेक्सासहून तीन लाख बॅरल डिझेल घेऊन एक जहाज बेटाच्या दक्षिण किनाऱ्यापाशी येऊन उभं राहिलं. जनरेटरवर चाललेली इस्पितळं एका बाजूला आणि डिझेल दुसऱ्या बाजूला, मध्ये 1920 साल. या वेळी वॉशिंग्टनमध्ये सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं. सवलतीची तारीख? 28 सप्टेंबर. सरकारं बदलतात, पण मुहूर्त बदलू नये.

तरी एक कबूल करायला हवं. 2017 मध्ये सरकारी खात्याचं म्हणणं होतं की कमतरता जहाजांची नाही, घोडं बंदरात अडलंय. आणि ते खोटं नव्हतं. जहाजं पोचत होती. सान हुआनच्या बंदरात अन्न, पाणी, औषधं, बांधकामाचं सामान भरलेले हजारो कंटेनर उतरून रांगेत उभे होते. पुढे न्यायला ट्रकचालक नव्हते. त्यातल्या कित्येकांची घरंच वाहून गेली होती. जे होते त्यांना बोलवायचं कसं, फोन बंद. बोलावलं तर डिझेल नाही, आणि डिझेल मिळालं तर रस्त्यावर दरड किंवा विजेचा खांब. वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. मदतीचा अवघड भाग म्हणजे समुद्र नव्हे. अवघड भाग म्हणजे धक्क्यापासून डोंगरातल्या घरापर्यंतचे चाळीस-पन्नास किलोमीटर. त्यामुळे तुम्ही फक्त समुद्रापुरतं बोला. ‘इतकी जहाजं पाठवली’ हा आकडा फार देखणा असतो. पुढचं विचारलं तर ती जबाबदारी स्थानिक यंत्रणेची. आणि स्थानिक यंत्रणेला विचारलं तर ती फोन लावून बघतेय.

पाठवलेल्या मालावर फार बारीक नजर ठेवू नका. फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेचा पोर्तो रिकोतल्या गोदामातला बहुतेक माल दोन आठवड्यांपूर्वीच्या ‘इर्मा’ वादळासाठीच बाहेर गेला होता. पुढे तपासनीसांनी हिशेब लावला तेव्हा दिसलं की बेटाकडे धाडलेल्या मालापैकी 38 टक्के खेपा कुठे आहेत हे संस्थेला सांगता येत नव्हतं, आणि माल शेवटच्या ठिकाणी पोचायला सरासरी 69 दिवस लागले. एकोणसत्तर दिवस तहानलेला राहणारा माणूस शोधून काढणं ही लाभार्थ्याची जबाबदारी आहे, तुमची नाही.

तेवढ्या काळात लोकांना रिकामं बसवू नका, अर्ज भरायला लावा. अर्ज इंटरनेटवर किंवा फोनवर ठेवा, म्हणजे वीज आणि फोन नसलेल्या बेटावर गर्दी आटोक्यात राहते. घराच्या मालकीचा कागद मागा. पोर्तो रिकोत आजोबांनी बांधलेलं घर नातवाकडे तोंडी येतं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. त्यामुळे हजारो अर्ज सहज निकालात काढता आले. छप्पर उडालेल्या माणसाने त्या छपराखालचा कागद सांभाळला नाही, यात सरकारने काय करावं?

कंत्राटांचा विषय रसाळ आहे. जेवणाच्या तीन कोटी पाकिटांचं कंत्राट द्यायचं झालं तर अनुभवी कंपनीच्या भानगडीत पडू नये. अनुभवी माणसं प्रश्न विचारतात. फेमाने 15 कोटी 60 लाख डॉलरचं हे काम अटलांटातल्या एका उद्योजिकेला दिलं, जिच्या कंपनीत ती स्वतः सोडून कुणी नव्हतं. तिने एका लग्नाच्या केटररला हाताशी धरलं. पन्नास हजार पाकिटं आली. ती आपोआप गरम होणारी हवी होती. इथे गरम करणारी पुडी वेगळी आणि जेवण वेगळं निघालं. ताडपत्र्यांचं तीन कोटी डॉलरचं कंत्राट फ्लोरिडातल्या एका कंपनीला मिळालं, तिचं वय तेव्हा दोन महिने. ताडपत्र्या आल्या नाहीत. उघड्या घरात पाऊस मात्र वेळेवर येत राहिला.

विजेचं कंत्राट याहून अभ्यसनीय आहे. बेटाचं वीज महामंडळ नऊ अब्ज डॉलरचं कर्ज घेऊन जुलैमध्येच दिवाळखोरीत गेलेलं. त्याने तारा ओढायला तीस कोटी डॉलरचं काम मोंटानातल्या व्हाइटफिश गावच्या व्हाइटफिश एनर्जीला दिलं. वादळ आलं त्या दिवशी या कंपनीत पूर्णवेळ माणसं दोन. तेच अमेरिकेच्या तेव्हाच्या अंतर्गत (इंटिरिअर) खात्याच्या मंत्र्यांचंही गाव, पण हा योगायोग आहे असं दोन्ही बाजूंनी सांगितलं आणि आपण ऐकून घेतलं. लाइनमनचा दर तासाला 319 डॉलर. करारात एक कलम होतं की कामाचा खर्च आणि नफा यांची तपासणी कुणी करायची नाही. हे कलम पाठ करा. बाकी करार हरवला तरी चालेल. ऑक्टोबरअखेर गवगवा होऊन कंत्राट रद्द झालं, आणि शेवटच्या काही घरांत वीज आली ती पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

या सगळ्यात एक धोका संभवतो, त्याची सूचना देऊन ठेवतो. काही माणसं परवानगी न मागता कामाला लागतात. स्पेनमध्ये जन्मलेला होसे आंद्रेस हा बल्लवाचार्य वादळानंतर काही दिवसांत सान हुआनला उतरला आणि एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात मोठाले टोप चढवून बसला. सांकोचो नावाचा तिथला दाट रस्सा शिजवला, सँडविच भरली, बेटावरचेच आचारी गोळा केले, बेटावरच्याच घाऊक व्यापाऱ्यांकडून माल उचलला. तीस लाखांहून जास्त जेवणं गेली. बघता बघता लोक विचारायला लागले की याला जमतं तर त्यांना का नाही. असल्या माणसांना वेळीच बैठकीला बोलवावं. बैठक लांबवावी.

स्वतः भेट द्याल तेव्हा कॅमेऱ्याची बाजू बघून उभे राहा. 3 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षांनी ग्वायनाबोत जमलेल्या लोकांकडे पेपर टॉवेलचे रोल भिरकावले. त्याच दौऱ्यात, तुमच्यामुळे आमचं अंदाजपत्रक जरा कोलमडलं, असंही यजमानांना ऐकवलं. त्याच दिवशी अडीचशे खाटांचं ‘कम्फर्ट’ हे रुग्णालयजहाज बंदराला लागलं. तिथे दिवसाला सरासरी सहा रुग्ण दाखल होत राहिले. पण जहाज पांढरंशुभ्र, वर लाल क्रॉस. फोटो अतिशय सुंदर येतो.

आणि मोजणी. यशाची सगळी भिस्त मोजणीवर आहे. त्या भेटीत मृतांचा आकडा 16 होता, आणि 2005 च्या ‘कतरिना’ वादळासारख्या खऱ्या संकटाशी तुलना करून तो अभिमानाने सांगितला गेला. संध्याकाळी 34 झाला. वर्षअखेर 64 वर येऊन थांबला, आणि कित्येक महिने हललाच नाही. युक्ती साधी आहे. डोक्यात पत्रा बसून मेला तो वादळात मेला. डायलिसिसचं यंत्र बंद पडलं म्हणून मेला तो किडनीने मेला, ऑक्सिजनचं यंत्र चालवायला वीज नव्हती म्हणून मेला तो फुप्फुसाने मेला. मृत्यूच्या दाखल्यावर वादळासाठी वेगळा रकाना कसा भरायचा हे डॉक्टरांना सांगितलंच नाही की काम झालं. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने नेहमीपेक्षा जादा झालेले मृत्यू मोजले तेव्हा 2,975 भरले, आणि ऑगस्ट 2018 मध्ये बेटाच्या सरकारने तो आकडा मान्य केला. राष्ट्राध्यक्षांनी केला नाही. तीन हजार माणसं मेलीच नाहीत, असं त्यांनी ट्विटरवर लिहून टाकलं. त्याआधी स्वतःच्या कामाला दहापैकी दहा गुणही दिले होते. परीक्षार्थी आणि परीक्षक एकच असला की निकाल लवकर लागतो.

यात फक्त एकच पथ्य: विनोद तोंडी करा. बेटाचे तेव्हाचे गव्हर्नर रिकार्डो रोसेयो यांच्या खासगी चॅटगटात प्रेतांवरून केलेले विनोद पानांच्या पानं फुटले, लोक रस्त्यावर उतरले आणि 2 ऑगस्ट 2019 ला खुर्ची गेली. 2,975 मुळे नाही गेली, हेही लक्षात असू द्या.

उरलेल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. सेइबाच्या जुन्या नौदल तळाच्या धावपट्टीवर पाण्याच्या बाटल्यांचे सुमारे वीस हजार पॅलेट निळ्या ताडपत्रीखाली कित्येक महिने उन्हात तापत होते. ताडपत्र्या आल्याच नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे पाहून घ्यावं. जानेवारी 2020 मध्ये दक्षिण किनाऱ्यावर भूकंप झाले. घराबाहेर तंबूत झोपणाऱ्या पोन्सेच्या लोकांना गावातल्याच एका गोदामात ‘मारिया’च्या वेळचं पाणी, खाटा आणि तान्ह्या बाळांचं खाणं रचून ठेवलेलं सापडलं. त्यांनी दार फोडलं आणि माल बाहेर काढून वाटायला घेतला. ना अर्ज, ना मालकीचा कागद. रोसेयोंनंतर आलेल्या गव्हर्नरबाईंनी त्याच दिवशी आपत्ती विभागाच्या प्रमुखाला घरी पाठवलं. तेव्हा गोदाम घ्याल ते वस्तीपासून जरा लांब घ्या, आणि भाडं वेळच्या वेळी भरत राहा.