खुलासा: मिकी थॉम्पसन यांचा 'विश्वविक्रम' नोंदला गेलेला नाही

'अमेरिकन मोटार-शर्यतपटू मिकी थॉम्पसन यांनी स्वतः बांधलेल्या गाडीने जमिनीवरील वेगाचा विश्वविक्रम केला' अशी पोस्ट फिरते आहे. ती अर्धीच खरी आहे.

सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर त्यांच्या 'चॅलेंजर १' या गाडीने ताशी ४०६.६० मैल, म्हणजे सुमारे ६५४ किलोमीटर वेग गाठला. पण तो एकाच दिशेचा. विक्रमासाठी, वाऱ्याचा फायदा धरला जाऊ नये म्हणून, तासाभरात उलट दिशेनेही धावावे लागते आणि दोन्हींची सरासरी नोंदतात. परतीची धाव यांत्रिक बिघाडामुळे पूर्ण झाली नाही. त्यामुळे ब्रिटिश चालक जॉन कॉब यांचा १९४७चा ताशी ३९४ मैलांचा विक्रम कायम राहिला.

पाँटिअ‍ॅक या मोटार कंपनीची चार व्ही-८ (आठ सिलिंडरची) इंजिने एकाच सांगाड्यात बसवून ताशी ४०० मैलांपलीकडे जाणे मात्र शंभर टक्के खरे, आणि तेच खरे कौतुकाचे.