पाब्लोला विसरू नका

लीड्स युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबला २०१९-२० मध्ये दुसऱ्या श्रेणीतून प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाली; तिचं सगळं श्रेय तुमच्या लेखात प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सांना दिलंय. त्यांच्याशिवाय हे घडलंच नसतं, मान्य. पण मिडफिल्डर पाब्लो एर्नांदेझचं साधं नावही नसावं? १२ जुलै २०२० ला स्वान्सीविरुद्ध ८९व्या मिनिटाला गोल करून सामना काढला तो त्यानेच, आणि तोही वयाच्या ३५व्या वर्षी! आदल्या हंगामात प्लेऑफमध्ये (बढतीची शेवटची जागा ठरवणाऱ्या सामन्यांत) डर्बी काउंटी क्लबकडून हरलेला हा संघ ९३ गुणांनी पहिला आला. दुसरा आलेला वेस्ट ब्रॉम १० गुण मागे. तब्बल १६ वर्षांनी प्रीमियर लीग, आणि करोनामुळे क्लबचं मैदान एलंड रोड रिकामं! क्लबचे जुने दिग्गज खेळाडू नॉर्मन हंटर तर बढतीच्या तीन महिने आधी आणि जॅक चार्ल्टन जेमतेम आठवडाभर आधी गेले. त्यांना हे बघायला मिळायलाच हवं होतं.