कपाटातला दुसरा कोट

ईस्टरआधीच्या गेल्या उपवासकाळात मी ठरवलं होतं, चाळीस दिवस रोज एक वस्तू घराबाहेर काढायची. गोड न खाण्याचा नेम बरीच वर्षं करून पाहिला होता, त्याने आत फारसं काही हललं नाही. म्हणून हे.

पहिल्या काही दिवसांतच एक मोठी पिशवी भरली. आमच्या चर्चच्या मंडळीत गरजूंसाठी कपडे गोळा होतात, तिथे ती नेऊन दिली. कपडे निवडणाऱ्या ताईंनी माझ्यासमोरच ती उघडली. कोपरावर विरलेला स्वेटर, रंग उडालेला सदरा, शिवण उसवलेली पँट. एकेक कपडा नीट घडी घालून त्या बाजूला ठेवत गेल्या आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "पुसायला होतील यातले बरेच. घालायला मात्र कुणाला देता यायचे नाहीत."

टोमणा नव्हता तो, म्हणूनच जास्त लागला. घरी येऊन कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात एक चांगला लोकरीचा कोट होता, दोन हिवाळे अंगाला न लावलेला. रोजच्या वापराचा कोट वेगळा आहे. मग हा कशासाठी ठेवला होता? तर, लागेल कधीतरी.

त्या रात्री बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचला. आंधळं, लंगडं, आजारी जनावर वेदीवर आणणाऱ्या लोकांना देव विचारतो, हेच तुमच्या सुभेदाराला नेऊन दिलं तर तो खूश होईल का? माझी पिशवी म्हणजे ते लंगडं जनावरच होतं. टाकायचंच होतं ते मी टाकलं आणि त्याला दान म्हटलं. दावीद राजाला वेदी बांधून अर्पण करायचं होतं. त्यासाठी अरवना नावाच्या माणसाने आपलं खळं आणि बैल फुकट देऊ केले, तेव्हा त्याने नाही म्हटलं. ज्याची मला काही किंमत पडली नाही ते मी देवाला अर्पण करणार नाही, असं सांगून त्याने पन्नास शेकेल रुपं मोजून ते विकत घेतलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण ती कधी माझ्या कपाटापर्यंत पोहोचली नव्हती.

तेव्हापासून 'लागेल कधीतरी' या दोन शब्दांवर मी खूप विचार करते आहे. मला वाटतं, घरातला निम्मा पसारा या दोन शब्दांचा आहे. आणि हे शब्द प्रभूच्या प्रार्थनेला थेट आडवे जातात. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असं आपण म्हणतो. आज. पुढच्या वर्षाची मागत नाही. अरण्यात देव इस्राएली लोकांना रोज जे अन्न पुरवत असे, त्या मान्न्याचा धडाही हाच होता. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि त्याची दुर्गंधी सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं आणि तो नासला नाही. म्हणजे साठवणं हे मुळातच पाप नाही. भीतीपोटी साठवणं वेगळं आणि सांगितलं म्हणून साठवणं वेगळं. माझा कोट कुठल्या प्रकारातला, हे मला सांगायची गरज नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला तो श्रीमंत माणूसही घ्या. पीक भरपूर आलं, ठेवायला जागा पुरेना, तेव्हा तो कोठारं पाडून मोठी बांधायला निघतो. येशूने सांगितलेल्या या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, तो फक्त स्वतःशी बोलतो. 'मी काय करू, माझं धान्य, माझा माल', आणि शेवटी स्वतःच्याच जिवाला सांगतो की आता खा, पी, मजा कर. सगळ्या बोलण्यात दुसरा माणूस नाही. बायको नाही, शेजारी नाही, शेतात राबणारे मजूरही नाहीत. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. मोठं कपाट घेऊया म्हणजे सामान नीट मावेल, असं घरात कुणी म्हटलं की हल्ली मला तोच आठवतो.

आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया शहराचे बिशप संत बेसिल यांनी चौथ्या शतकात याच दाखल्यावर एक प्रवचन केलं. त्यात ते म्हणतात, तू अडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत जपलेलं वस्त्र उघड्याचं आहे आणि तुझ्याकडे पडून सडत असलेल्या वहाणा अनवाण्याच्या आहेत. तू दयाळू हो, असं ते म्हणत नाहीत. ही वस्तू तुझी नाहीच, असं म्हणतात. बोलून ते थांबलेही नाहीत. शहराबाहेर त्यांनी आजारी आणि गरीब लोकांसाठी मोठं आश्रयस्थान उभं केलं.

इथे मला आजकाल ठिकठिकाणी दिसणाऱ्या मोकळ्या, पांढऱ्या भिंतींच्या खोल्यांबद्दल बोलायचं आहे. कमी सामान, शांत मन. चांगलंच आहे ते, घर मोकळं झालं की झाडायला सोपं जातं आणि डोकंही हलकं होतं. पण ख्रिस्ती साधेपणा म्हणजे एवढंच, असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. त्या मोकळ्या खोलीत पुन्हा मीच एकटी असते, दाखल्यातल्या श्रीमंतासारखी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी विचारलं, आम्ही काय करावं? ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, हे त्याचं उत्तर. हिशोब दोन माणसांचा आहे. एकाचं कपाट रिकामं झालं, पण दुसऱ्याच्या अंगावर काही आलं नाही, तर ते नुसतं आवरणं झालं.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमात याची फार सुंदर व्यवस्था आहे. संन्याशाला दोन अंगरखे आणि दोन झगे पुरेत, एक धुवायला गेला तर दुसरा घालायला. नवा कपडा मिळाला की जुना लगेच परत करायचा आणि तो गरिबांसाठी राखून ठेवायचा. त्याच नियमात भांडारी संन्याशाला सांगितलं आहे की मठातली सगळी भांडीकुंडी, अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समज. मला हे वाक्य फार जवळचं वाटतं. वस्तूंचा तिरस्कार करा, असं त्यात कुठेच नाही. थोड्या ठेवा आणि ज्या ठेवाल त्या देवाच्या समजून जपा. तुटलं की फेकून नवीन आणायची सवय मला यानेच सोडावी लागते आहे.

अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी एका माणसाचा हिशोब सांगितला आहे, तो त्यांचा स्वतःचाच होता असं मानतात. वर्षाला 30 पौंड मिळत तेव्हा त्याने 28 मध्ये भागवलं आणि 2 देऊन टाकले. पुढे उत्पन्न 60, 90, 120 होत गेलं, तरी तो 28 मध्येच राहिला आणि उरलेले सगळे दिले. मिळकत वाढली की आपली गरजही वाढते, असं आपण धरूनच चालतो. त्याने तसं धरलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. ज्याच्याकडे मुळातच काही नाही त्याला साधेपणाचं प्रवचन देऊ नये. लादलेली गरिबी हा अन्याय आहे आणि संदेष्टे त्याविरुद्ध कडाडून बोलले आहेत. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकातला आगूर दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही. गरजेपुरतं अन्न दे, एवढंच मागतो.

दुसरं, हा नेम घरच्यांवर लादू नये. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेले संन्यासी संत अँथनी यांनी तरुणपणी चर्चमध्ये येशूचं वचन ऐकलं, 'तुझं असेल नसेल ते विकून गरिबांना दे', आणि वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली. बहिणीसाठी थोडं राखून ठेवलं होतं, नंतर तेही वाटलं आणि तिला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केलं. त्यांच्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक आहे, तरी दर वेळी ही गोष्ट वाचताना मी त्या बहिणीपाशी थांबते. तिला कुणी विचारलं का? माझ्या नवऱ्याच्या पुस्तकांना मी म्हणूनच हात लावत नाही. ती त्याची आणि देवाची बाब.

आणि येशू सगळ्यांकडून सारखंच मागत नाही. सार्वकालिक जीवनासाठी काय करू, असं विचारायला आलेल्या श्रीमंत तरुणाला त्याने सगळं विकायला सांगितलं. जक्कय या जकातदाराने आपणहून अर्धं देऊ केलं, फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हणाला, आणि येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कने त्या तरुणाबद्दल एक ओळ लिहिली आहे, ती मी पुन्हा पुन्हा वाचते. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. सगळं विकायला सांगितलं ते त्याच्यानंतर. तो खिन्न होऊन निघून गेला, 'कारण त्याची मालमत्ता पुष्कळ होती'.

कोट मी पुढच्या रविवारी नेला. ताईंनी तो उलटा करून पाहिला, बटणं तपासली, एक सैल होतं ते तिथेच बसून शिवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हा आजच जाईल." कुणाकडे, ते मी विचारलं नाही.