यात भिडू नसतो

मेंढीकोटातून हाकललं गेलं म्हणून मी बुद्धिबळाकडे आलो. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून नाशिकरोडहून रोज मुंबईला अप-डाऊन करणाऱ्या आमच्या टोळक्यात पत्ते हा नोकरीपेक्षा गंभीर विषय आहे. एके दिवशी मी चुकून भिडूच्याच एक्क्यावर हुकूम मारला. इगतपुरीपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसराच इसम बसलेला, आणि तो हसत होता.

खिडकीशी अण्णा बसायचे. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं, मांडीवर बॅग, बॅगेवर तळहाताएवढा चुंबकाचा बुद्धिबळपट. दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत. माझा पडलेला चेहरा बघून म्हणाले, ‘‘बसा साहेब. यात भिडू नसतो.’’

मला ती सोय वाटली. त्यातली मेख कळायला पुढे महिने गेले.

पहिल्या दिवशी गाडी सुटली आणि देवळाली यायच्या आत माझा राजा गेला. नाशिकरोड ते देवळाली म्हणजे चहा गार होण्याइतकंही अंतर नाही. अण्णांनी उंट काढला, वजीर काढला आणि माझ्या राजाच्या उंटापुढचं प्यादं टिपून मात दिली. एकूण चार चाली. त्या प्याद्याला सुरुवातीला राजाखेरीज कोणी वाली नसतो, हे त्यांनी मला समजावलं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मात खाल्ली. तिसऱ्या दिवशी मी सावध होतो, त्यामुळे देवळाली ओलांडली. अस्वलीला हरलो.

सुरुवातीला पांढऱ्याला २० चाली उपलब्ध असतात, काळ्यालाही २०. म्हणजे दोघांचा एकेक हात होईस्तोवर ४०० तऱ्हा. एवढ्यातून नेमकी वाईट चाल शोधून काढणं हेही एक कसबच म्हणायचं, आणि ते माझ्याकडे उपजत होतं.

पण हरण्यापेक्षा छळ वेगळाच होता. रेल्वे उशिरा येते, तो दोष रेल्वेचा. ऑफिसात फाईल अडते, तो वरच्यांचा. पत्त्यांत पानं वाईट येतात. एवढी वर्षं मी असा सुखात जगलो. इथे मात्र सगळी मोहरी समोर उघडी, दोघांची सारखी, नशीब कुठे नाही. तरी मी प्रयत्न सोडला नाही. कसारा घाटात बोगदा लागला आणि उजेडात आलो तेव्हा माझा वजीर नव्हता, तो दोष मी बोगद्यावर टाकला. अण्णा म्हणाले, ‘‘वजीर बोगद्याच्या आधीच मारात होता. मी उजेडाची वाट बघत होतो, उगाच अंधारात घेतला असं नको.’’ मग मी पटाला नावं ठेवली. त्या पटावरचा उंट आणि प्यादं यांतला फरक ओळखायला खरंच भिंग लागतं! हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं म्हटल्यावर हात मी लावला नाही, गाडीच्या हिसक्याने लागला, असंही सांगून पाहिलं.

त्यातून अण्णांचे नियम. बालपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेलेलं, त्यामुळे अडचण आली की ते वाड्यात शिरत. ‘‘प्यादं एकदम दोन घरं? आमच्या वाड्यात चालायचं नाही.’’ मी शह द्यायच्या बेतात आलो की त्यांचा राजा टुणकन घोड्यासारखा उडे. ‘‘पहिला शह बसायच्या आत राजाला एकदा अडीच घरं माफ असतात. देशी पद्धत.’’ आणि ती देशी पद्धत खरोखरच होती, एवढंच माझं दुर्दैव.

खेळ अंगात कधी भिनला ते नक्की सांगता येणार नाही. एका सकाळी नाशकातल्या द्वारकेच्या चौकात स्कूटरवर अडकलो होतो. समोरून ट्रक हत्तीसारखा नाकासमोर आला, टेम्पो उंटासारखा तिरका घुसला, एक रिक्षा अडीच घरं उडून दोघांच्या पलीकडे गेली. आणि मी प्यादं. पुढे जागा नाही, मागे जायची परवानगी नाही. एरवी मी शिव्या दिल्या असत्या. त्या दिवशी मनात म्हटलं, रिक्षावाल्याची चाल चांगली होती.

मग २०२४चा एप्रिल आला. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा टोरांटोत, आणि तिथे आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. आठ जणांत बसून त्याने अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं. त्यातला दुसरा डाव रविवारी रात्री होता, म्हणजे सोमवारी सकाळी मी गाडीत मान टाकून झोपलेलो. मेंढीकोटवाल्यांनी हलवून उठवलं. ‘‘काय हो, चेकमेट केलं का आपल्या पोराने?’’ मी डोळे चोळत सांगितलं, की त्या पातळीवर मात होईपर्यंत सहसा कोणी थांबत नाही, हरलोय हे आधीच कळतं आणि माणूस डाव सोडतो. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘यांना सोडायला कधी जमलं नाही.’’ ते खरं होतं. हरलोय हे मला मात झाल्यावर कळतं, कधी कधी त्यानंतर.

अण्णांचा शेवटचा महिना होता. परतीची गाडी, कसारा आलेलं. एक प्यादं माझं पुढे सुटलेलं. अण्णांनीच शिकवलं होतं, ‘‘प्याद्यामागे हत्ती ठेवा. कसाऱ्याला गाडीला मागून इंजिन लावतात ना, तसं.’’ मी लावलं. घाट चढेपर्यंत प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर झालं. अण्णांकडे उरला नुसता राजा, तोही कोपऱ्यात. पत्ते थांबले. ज्याच्या एक्क्यावर मी हुकूम मारला होता तोसुद्धा मान वाकवून बघायला आला. मी थाटात वजीर उचलला आणि त्या राजापासून बरोबर अडीच घरांवर टेकवला.

अण्णांनी पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘शह आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘मला हलायला जागा आहे?’’

नव्हती. ना शह, ना चाल. डाव बरोबरीत.

‘‘अहो, श्वास घ्यायला तरी एखादं घर ठेवायचं माणसाला,’’ अण्णा म्हणाले.

‘‘वाड्याचा नियम काय सांगतो याला?’’ मी चाचरत विचारलं.

‘‘वाडा पडला हो कधीच,’’ मोहरी गोळा करत ते म्हणाले. ‘‘आता आंतरराष्ट्रीय.’’

घरी पोचलो तर बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, ‘‘अहो, आज जिंकलात?’’

‘‘नाही.’’

‘‘मग हरलात?’’

‘‘नाही.’’

तिने भाकरीचा दुसरा चतकोर ताटात टाकला. ‘‘गाडी लेट होती का?’’