जवानाचे पाच रुपये

२०११ची वॅगन आर विकायला काढली. फोटो टाकले, दीड लाख लिहिले आणि अकराव्या मिनिटाला फोन. "जय हिंद सर! गाडी फायनल." पुण्यात मेथीची जुडीसुद्धा भाव पाडल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून मी सावध झालो. सासूबाई झाल्या नाहीत. फोन स्पीकरवर होता, ही माझी चूक.

पोस्टिंग जैसलमेरला, गाडी न्यायला मित्र येणार. व्हॉट्सअॅपवर ओळखपत्र आलं, कॅन्टीन कार्ड आलं, गणवेशातला फोटो आला. ओळखपत्रावर मिशी, गणवेशात सफाचट आणि डीपीत मांडीवर नातू. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "किती वाळलाय हो! पाच हजार कमी करा त्याला." ७१च्या युद्धात शाळेतून त्यांनी जवानांसाठी मोजे विणले होते. एक मोजा लांब झाला होता, त्याची रुखरुख अजून आहे.

"सर, आर्मी का पेमेंट उल्टा होता है. पहले आप पाँच भेजो, दस आएँगे." गंमत म्हणून पाच पाठवले. खरंच दहा आले. मग क्यूआर कोड आला, वीस हजारांचा. "स्कॅन करके पिन डालो, टोकन आ जाएगा."

मी म्हटलं, "बाबा रे, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही."

"सर, आप आर्मी पे शक कर रहे हो?"

घरात शांतता. सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की हद्द मीच ओलांडली होती. मी फोन कापायला गेलो तर म्हणाल्या, "थांबा, जेवलाय का विचारा."

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार करणार होतो. पण सांगू काय, पाच रुपये फायद्यात आहे म्हणून?

आणि खऱ्या गिऱ्हाइकांचं तरी काय कौतुक? रात्री साडेअकराला 'लास्ट किती?' रविवारी एकाने टायरला लाथ मारली, ट्रायल म्हणून कात्रजपर्यंत नेलं, तिथे मेव्हण्याकडे चहा प्यायला, मी गाडीतच. परत येऊन म्हणाला, "नव्वद." पेट्रोल माझं. वर "आरटीओचे २९-३० नंबरचे फॉर्म सह्या करून द्या, नावावर मी नंतर करतो." म्हणजे हा सिग्नल तोडणार आणि चलन माझ्या मोबाईलवर! भामट्याने निदान जय हिंद तरी म्हटलं होतं.

गाडी अजून खालीच उभी आहे, बॉनेटवर सोसायटीची मांजर. सासूबाई रोज सकाळी चहा देताना विचारतात, "त्या पोराचे पाच रुपये राहिलेत तुमच्याकडे. पाठवले का?"

नंबर बंद लागतो म्हटलं, तर म्हणाल्या, "रेंज नसेल तिकडे."